पॉइंटांची पुरचुंडी

माझ्या लहानपणी आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पॉइंट होते अवघे दोन. एक रेडिओचा, दुसरा इस्त्रीचा. इस्त्री चालू असेपर्यंत रेडिओ बंद, असा वडिलांचा दंडक होता आणि त्यामागे विजेच्या शास्त्रापेक्षा विजेच्या बिलाची धास्ती अधिक होती. पुढे घरे मोठी झाली, भिंतीभिंतीला पॉइंट आले आणि हळूहळू तो शब्दच भिंतीतून निसटून माणसांच्या खिशात जाऊन बसला. हल्ली मुंजीला किंवा बारशाला चार मंडळी जमली, की पूर्वी जिथे साखरेच्या भावाची चौकशी होई तिथे "तुमचे किती पॉइंट झाले?" अशी विचारपूस चालते. कुणी म्हणतो बारा हजार, कुणी म्हणतो चाळीस. एका गृहस्थांनी तर परवा इतक्या हळू आवाजात "दीड लाख" म्हणून सांगितले, की क्षणभर मला वाटले, हे काळ्या पैशाचा आकडा सांगताहेत की काय!

ज्यांना ही भानगड ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बँकेचे क्रेडिट कार्ड वापरून किराणा, कापडचोपड असा खर्च केला, की बँक बक्षीस म्हणून काही गुण आपल्या खाती मांडते. तेच हे पॉइंट. विमानाने प्रवास केला तर विमान कंपनीही असेच गुण देते. तिच्याकडे त्यांना मैल म्हणण्याचा रिवाज आहे. पुरेसे गुण साठले, की त्यांच्या बदल्यात विमानाचे तिकीट, हॉटेलातली खोली, नाहीतर इस्त्री मिळते. म्हणजे फिरून इस्त्रीच!

दिवाळीच्या तोंडावर हा विषय काढायला कारण आहे. फराळाच्या सामानापासून पैठणीपर्यंत वर्षाचा मोठा खर्च या पंधरा दिवसांत होतो, आणि "यंदा कुठे जायचे?" हा प्रश्नही घरात याच दिवसांत निघतो. या दोहोंची सांगड घालावी असे मात्र फारसे कुणाच्या मनात येत नाही. आपण मध्यमवर्गीय माणसे पॉइंटांचे तेच करतो, जे आपली आजी नाण्यांचे करीत असे. पुरचुंडी बांधायची, तांदळाच्या डब्यात खोल खुपसायची आणि 'वेळेला उपयोगी पडेल' म्हणून विसरून जायची. आजीचे एक बरे होते. तिचा रुपया सरकारने पाडलेला होता. आपल्या या पुरचुंडीतली नाणी पाडणारा, त्यांची किंमत ठरवणारा आणि पुढेमागे ती बाद करणारा, तिन्ही एकच!

मुळात ही कल्पना किराणा दुकानातली. अमेरिकेत १८९६ साली स्पेरी आणि हचिन्सन नावाच्या कंपनीने दुकानदारांना हिरवी तिकिटे विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक जेवढ्याची खरेदी करील त्या मानाने दुकानदार त्याला तिकिटे देई. बायका ती घरी नेऊन वहीत चिकटवीत आणि वह्या भरल्या, की त्या देऊन टोस्टर नाहीतर दिवे आणीत. विमानवाल्यांना ही युक्ती सुचली ती ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी. १९७८ साली अमेरिकन सरकारने विमानभाड्यांवरचे नियंत्रण उठवले. जो तो भाडी पाडू लागला आणि कालचे आपले गिऱ्हाईक आज दुसऱ्याच्या विमानात बसलेले दिसू लागले. तेव्हा १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने प्रवाशांचे मैल मोजून त्यांना बक्षीस देण्याची योजना काढली. आरक्षण संगणकावर होत असल्यामुळे कोण किती वेळा येतो-जातो हे तिला आयतेच कळत होते. थोड्याच दिवसांत युनायटेड कंपनीने तशीच योजना काढली आणि मग सगळ्यांनीच काढली. १९८७ मध्ये सिटी बँकेने अमेरिकन एअरलाइन्सशी हातमिळवणी करून कार्ड आणले आणि मैल मिळवायला विमानात बसण्याची गरजच संपली. भाजी घ्या, मैल मिळवा!

हा जोडधंदा पुढे मूळ धंद्याच्या डोक्यावर बसला. २०२० साली महामारीत विमाने जमिनीला खिळली, तेव्हा युनायटेडने आपली मैलांची योजनाच तारण ठेवली आणि तिच्यावर ६८० कोटी डॉलरांचे कर्ज उभे केले. योजनेची किंमत धरली होती सुमारे २,२०० कोटी डॉलर. त्या वेळी शेअरबाजारात सबंध कंपनीची किंमत तिच्या निम्म्याच्या आसपास भरत होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

आता हे पैसे येतात कुठून, असे कुणीही शहाणी गृहिणी विचारील. बँक काही दानधर्म करीत नाही. आपण कार्डाने पैसे दिले, की दुकानदाराला शंभर रुपयांमागे साधारण दीड-दोन रुपये सोडावे लागतात. त्यातला एक घास बँक आपल्या पानात वाढते. यूपीआयने खात्यातून थेट पैसे दिले तर पॉइंट का मिळत नाहीत, याचेही उत्तर यातच आहे. त्या व्यवहारावरचा दुकानदाराचा आकार जानेवारी २०२० पासून सरकारने काढून टाकला. वाढणाऱ्याच्याच पातेल्यात काही नाही, तर पानात काय पडणार? आणि लक्ष्मी रोडवरचा दुकानदार "कार्ड असेल तर दोन टक्के जादा पडतील" असे म्हणाला, तर त्या खरेदीचे पॉइंट बक्षीस मिळाले नसून आपण विकत घेतले आहेत असे खुशाल समजावे.

पॉइंट जमवण्याच्या नादाची परिसीमा अर्थातच अमेरिकेत झाली. १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनियराने जाहिरात वाचली, की अमुक कंपनीच्या खाद्यपदार्थांची लेबले पाठवा आणि मैल मिळवा. त्यातला सर्वांत स्वस्त पदार्थ होता पंचवीस सेंटांचा पुडिंगचा कप. या पठ्ठ्याने १२,१५० कप विकत घेतले! लेबले सोलायला घरची माणसे पुरेनात, तेव्हा त्याने पुडिंग एका धर्मादाय संस्थेला दान केले आणि तिच्या स्वयंसेवकांकडून लेबले सोलून घेतली. खर्च झाले सुमारे ३,१४० डॉलर आणि मैल मिळाले साडेबारा लाख. दुसरी मंडळी याहून तयार निघाली. तिकडची सरकारी टांकसाळ डॉलरची नाणी घरपोच पाठवीत असे, टपालखर्चही माफ. यांनी हजारो डॉलरांची नाणी कार्डावर मागवली, तीच गाडीत घालून बँकेत भरली आणि कार्डाचे बिल भागवले. मैल तेवढे खिशात राहिले. शेवटी २०११ मध्ये टांकसाळीने या योजनेत कार्ड घेणेच बंद केले. आपल्याकडे कुणी बारा हजार पुडिंगे घेऊन घरी आला असता, तर त्याच्या बायकोने त्याला पुडिंगांसकट माडीवर कोंडून घातले असते आणि माझे मत तिच्या बाजूने पडले असते.

पॉइंट कसे जमवावेत हे सांगणारे लोक पुष्कळ आहेत. ते खर्चावेत कसे, आणि मुख्य म्हणजे कुणावर, याची चर्चा घरात फारशी होत नाही. आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

कसे, याचा हिशेब सोपा आहे. जे तिकीट घ्यायचे त्याचे रोख भाडे मांडावे. पॉइंट देऊनही कर आणि अधिभार रोखच भरावे लागतात, ते त्यातून वजा करावेत आणि राहिलेल्या रकमेला पॉइंटांनी भागावे. एका पॉइंटाला काय पडले ते समजते. आपल्याकडे पुष्कळ कार्डांवर मिक्सर किंवा दुकानाचे कूपन घेतले तर पॉइंटामागे वीस-पंचवीस पैसे हाती लागतात. तोच पॉइंट काही कार्डांवरून विमान कंपनीच्या खाती वळवता येतो आणि नेमक्या तिकिटाला लावला तर त्याचा रुपया किंवा त्याहूनही अधिक होतो. मात्र एकदा वळवलेले पॉइंट माघारी येत नाहीत. म्हणून आधी जागा शिल्लक आहे ना ते पाहावे, मग वळवावेत. आधी लगीन कोंढाण्याचे, तसे आधी जागा आणि मग पॉइंट.

कुणावर, या प्रश्नाची गोष्ट जरा निराळी आहे, आणि ती सांगायची तर अक्काबद्दल सांगायला हवे.

अक्का माझी थोरली बहीण. वय एकाहत्तर, राहणार डोंबिवली. तिची मुलगी न्यू जर्सीला असते. गेल्या वर्षी तिला दुसऱ्यांदा दिवस राहिले आणि बाळंतपणाला अक्काने आणि भाऊजींनी यावे असे ठरले. अक्काचे दोन्ही गुडघे झिजलेले. मुंबईहून तिकडे मध्ये कुठे न थांबता जायचे म्हटले तरी पंधरा-सोळा तास, आणि साध्या वर्गाची खुर्ची सतरा-अठरा इंच रुंद. पहिल्या बाळंतपणाला गेली होती तेव्हा उतरेपर्यंत तिचे पाय इतके सुजले, की चपला पिशवीत घालून ती पायमोज्यांवर विमानतळाबाहेर आली. पुढचे चार दिवस आठ महिन्यांच्या गरोदर मुलीने आईचे पाय शेकले. बाळंतपणाला आलेल्या आईचेच बाळंतपण!

म्हणून या खेपेला जावयाने आपल्या कार्डावरचे पॉइंट बाहेर काढले. एका माणसाला, एकाच बाजूने, बिझनेस क्लासमधून आणता येईल एवढे ते होते. या वर्गात खुर्चीचा सपाट बिछाना होतो. मैल लागणार होते नव्वद हजारांच्या आत-बाहेर. त्या जागेचे रोख भाडे त्या दिवशी तीन लाखांच्या घरात होते. त्याच पॉइंटांची बँकेकडून कूपने घेतली असती तर नऊशे डॉलर, म्हणजे जेमतेम पाऊण लाख रुपये आले असते. इथवर सारे सरळ होते. पण याच पॉइंटांत साध्या वर्गाच्या दोन जागाही येत होत्या, म्हणजे अक्का आणि भाऊजी दोघांचीही जाण्याची तिकिटे निघत होती, आणि ही गोष्ट अक्काला कळली.

रविवारी सकाळी त्यांच्या घरी मी होतो. फोनवर मुलगी आणि जावई. अक्का म्हणाली, "अहो जावईबापू, त्यातच आम्ही दोघंही येतो की साध्या वर्गानं. तुमचे तेवढे पैसे वाचतील."

"आई, पैसे वाचवून तुम्हाला आल्याआल्या अंथरुणाला खिळवायचं का?" जावई म्हणाला.

अक्काने फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "ह्यांना मागं बसवून मी पुढं बसू? लोक काय म्हणतील?"

"अगं, विमानात तुला ओळखणारं कोण असणार?"

"असतात रे बाबा! न्यू जर्सीचं विमान आहे ते. निम्मी डोंबिवली असते त्यात."

भाऊजी इतका वेळ वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते. पस्तीस वर्षे डोंबिवलीहून व्ही. टी.ला लोकलने उभ्याने गेलेला हा माणूस. ते पान उलटत म्हणाले, "मला बसायला मिळतंय हेच पुष्कळ झालं. सप्तपदीत सात पावलं तू माझ्या मागून चाललीस. आता मी तुझ्या मागं तीस रांगा बसतो. फिटंफाट!"

ठरले ते असे. जावयाने मैल वळवले ते मूळ विमान कंपनीकडे नव्हे, तर तिच्या एका परदेशी भागीदार कंपनीकडे. एअर इंडिया जुलै २०१४ मध्ये स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या संघात सामील झाली. त्यामुळे त्या संघातल्या दुसऱ्या कंपनीचे मैल देऊन एअर इंडियाची जागा काढता येते, आणि कधीकधी ती कमी मैलांत पडते. अशा जागा थोड्या असतात. तिकीटविक्री उघडते तेव्हा, म्हणजे साधारण अकरा महिने आधी, नाहीतर अगदी जाण्याच्या तोंडावर त्या सापडतात. मे महिन्याच्या सुटीत शोधत बसणे म्हणजे भाऊबिजेच्या दिवशी दादरला रिकामी टॅक्सी शोधणे. दुसरी गोष्ट, काही कंपन्या आपल्या मैलांवर कुणाच्याही नावाचे तिकीट काढू देतात, काही आधी नात्यातल्या माणसांची नावे नोंदवून घेतात. मुलगा-मुलगी परदेशी असलेल्या आईबापांनी हे एवढे त्यांना आत्ताच विचारून ठेवावे.

आता यात अक्काला 'तीन लाखांचे तिकीट फुकट मिळाले' असे आमच्या नात्यात सर्वत्र झाले. ते मला पटत नाही. तीन लाख रुपये देऊन अक्का जन्मात त्या जागेवर बसली नसती. जी किंमत आपण कधीच मोजणार नव्हतो ती वाचली म्हणून नफ्यात धरायची, हा हिशेब सेलमधल्या साडीचा आहे. खरा खर्च झाला तो सोडून दिलेल्या दोन साध्या तिकिटांचा, म्हणजे ऐंशी-नव्वद हजार रुपयांचा. एवढ्या रकमेत सोळा तास पाय पसरून पडता आले. हे महाग की स्वस्त, हे ज्याने त्याने आपापल्या गुडघ्यांना विचारावे.

पण एक गोष्ट त्या रविवारी माझ्या पक्की लक्षात आली. जावयाने तेच ऐंशी हजार रुपये अक्काला रोख पाठवले असते, तर तिने काय केले असते? मुदतठेव! आणि साध्या वर्गाने गेली असती. आपल्या आयांच्या, मावश्यांच्या पिढीला पैसा दिला, की तो कुणाच्या तरी फीमध्ये नाहीतर कुणाच्या तरी मुंजीत जातो. स्वतःच्या पाठीसाठी, पायांसाठी तो वापरला जात नाही. पॉइंटांची मुदतठेव होत नाही. ते पोस्टात ठेवता येत नाहीत आणि त्यांवर व्याजही मिळत नाही. ही त्यांची खोड समजली जाते. मला तोच त्यांचा मोठा गुण वाटतो. "आत्ता वापरले नाहीत तर फुकट जातील" हे एकच वाक्य असे आहे, की ज्यापुढे अक्का गप्प बसली. अन्न आणि पॉइंट फुकट गेलेले तिला सोसत नाहीत.

विमानातला प्रसंग भाऊजींनी नंतर सांगितला. मध्यरात्री केव्हातरी ते तिची रक्तदाबाची गोळी घेऊन पुढे गेले. पडद्याशी हवाई सुंदरीने त्यांना अदबीने अडवले. कारण सांगितल्यावर दोन मिनिटांसाठी सोडले. अक्का गाढ झोपली होती, दोन्ही हात मोकळे टाकून. "लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली," भाऊजी म्हणाले, "प्रवासात हिला अशी झोपलेली मी पाहिलीच नव्हती. नेहमी एक हात सामानावर नाहीतर पोरांवर असायचा." गोळी त्यांनी पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवली, तिथल्या मुलीला जाग आल्यावर आठवण करायला सांगितली आणि ते आपल्या रांगेत परत आले.

सपाट बिछाना मिळाला म्हणून सगळे साधत नाही, हेही सांगितले पाहिजे. चार तासांहून अधिक बसून राहण्याच्या कुठल्याही प्रवासात पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांनी अक्काला अधूनमधून उठून चालायला आणि पाणी पीत राहायला बजावले होते आणि तिने ते केले. शिवाय ज्याला एकही पॉइंट लागत नाही अशी एक सोय विमानतळावर असते, ती म्हणजे चाकांची खुर्ची. तिकीट काढतानाच सांगून ठेवली, की माणूस येऊन घेऊन जातो. "मी काय पांगळी आहे?" म्हणून ती नाकारणाऱ्या आणि मग मैलभर लांब वाटांवरून हाशहुश करीत चालणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

पुरचुंडी न सोडणाऱ्यांसाठी आता थोडे कडू. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची विमाने थांबली आणि लोकांनी प्रेमाने जमवलेले तिचे मैल हवेत गेले. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले. तिची मैलांची योजना निराळ्या कंपनीच्या नावे असल्यामुळे वाचली आणि त्याच वर्षी नवे नाव घेऊन उभी राहिली, पण ज्या विमानांसाठी लोकांनी मैल साठवले ती विमानेच नव्हती. गाव बुडाले आणि वेशीची कमान शिल्लक राहिली! कंपनी बुडायलाच हवी असेही नाही. अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीने २०१५ मध्ये 'अमुक ठिकाणाला इतके मैल' हा तक्ताच काढून टाकला. मग ज्या दिवशी जो आकडा दिसेल तोच भाव. आपल्याकडे २०२४ साली बऱ्याच बँकांनी घरभाडे, विजेचे बिल अशा खर्चांवरचे पॉइंट कमी केले किंवा त्यांना मर्यादा घातली. आमच्या इमारतीतले एक सज्जन लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायकोला लंडनला न्यायचे म्हणून सात वर्षे पॉइंट जमवीत होते. दर वर्षी "अजून थोडे होऊ द्या." एके दिवशी बँकेचे चार ओळींचे पत्र आले आणि दोघांच्या तिकिटांचे एकाचे तिकीट झाले. आता कोण जाणार, यावर त्यांच्यात अबोला आहे.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत छापावी अशी. कार्डाचे बिल महिन्याच्या महिन्याला पुरते फेडत नसाल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. पॉइंटांतून मिळते शेकडा एखाद-दोन रुपये. थकलेल्या बिलावर व्याज पुष्कळ कार्डांवर महिन्याला शेकडा साडेतीन रुपयांच्या आसपास, म्हणजे वर्षाचे बेचाळीस टक्के! गावचा सावकारसुद्धा हा दर सांगताना जरा चाचरला असता. अशा घरात पॉइंटांचा विचार न करता कात्री शोधावी.

पण सगळ्यांचेच जावई अमेरिकेत नसतात, आणि सगळ्यांना लाख पॉइंट जमतात असेही नाही. पुष्कळांच्या खाती हजार-दोन हजार पडलेले असतात. त्यांना वाटते, एवढ्यात काय होणार? विमानात काही होणार नाही. रेल्वेत होते. साठीपुढच्या पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावनपुढच्या स्त्रियांना पन्नास टक्के अशी रेल्वेभाड्यातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, आणि तेव्हापासून पुष्कळ वडीलधारी माणसे एक पायरी खाली उतरली: टू टायर ए.सी.ची थ्री टायरला, थ्री टायरची स्लीपरला. ही एक पायरी परत चढायला हजार-दोन हजार पॉइंट पुरतात. रेल्वेच्या तिकीटखिडकीशी जोडलेली कार्डेही निघाली आहेत आणि काहींत एक पॉइंट म्हणजे सरळ एक रुपया असा रोखठोक मामला आहे. तिकीट काढताना 'वरच्या वर्गात जागा असल्यास चालेल' या प्रश्नालाही हो म्हणावे. २००६ पासून रेल्वेने ही पद्धत ठेवली आहे. जागा शिल्लक असल्या तर जादा पैसे न घेता वरच्या वर्गात बसवतात. मात्र ज्यांना खालचाच बर्थ हवा त्यांनी जपून. वर गेल्यावर तो मिळेलच असे नाही.

आमच्या शेजारच्या काकूंचे माहेर कोल्हापूरचे. दर नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला त्या महालक्ष्मी एक्सप्रेसने जातात, आणि इतकी वर्षे गेल्या त्या स्लीपरने. "मला काय होतंय स्लीपरने?" होत काही नसे, फक्त मधला बर्थ आला तर रात्रभर वाकून बसायचे आणि सकाळी कोल्हापूरला उतरून कमरेला हात लावून देवळाच्या रांगेत उभे राहायचे. यंदा मुलाने त्यांना न विचारता आपल्या कार्डावरचे तेराशेच्या वर पॉइंट लावून जाण्याचे टू टायर ए.सी.चे तिकीट काढले. खालचा बर्थ लागला.

"किती पडले रे?"

"पॉइंटांत आलं, आई."

"म्हणजे फुकट?"

"फुकटच."

मुलगा खरे बोलला असे नाही, पण त्याला मी दोष देणार नाही. काकू प्रसाद द्यायला आल्या तेव्हा कमरेबद्दल काही बोलल्या नाहीत. फुटाणे-साखर हातावर ठेवून त्यांनी एवढेच विचारले, की दिवाळीला घरात तेलाचे दोन डबे आणि चार साड्या यायच्या आहेत, त्या सगळ्या कार्डावर घेतल्या तर माघ महिन्यातल्या भाचीच्या लग्नापर्यंत पुन्हा तेवढे पॉइंट होतील का?